चोर सोडून सिंडिकेटला फाशी

पोटासाठी मी दुसऱ्यांचे हिशेब तपासतो आणि रात्री गेम खेळतो. या दोन सवयींच्या संगतीने तिसरी एक विचित्र सवय लागली आहे, ती म्हणजे गेम कंपन्यांचे तिमाही निकाल वाचायची. बाकीचे ट्रेलर बघतात, मी तळटिपा बघतो. ट्रेलरमध्ये सगळं 'आजवरचं सर्वांत भव्य' असतं आणि सहा महिन्यांनी त्याच गेमबद्दल निकालाच्या एखाद्या कोपऱ्यात 'विक्री अपेक्षेपेक्षा कमी राहिली' असं एक ओळीचं वाक्य सापडतं. त्या एका वाक्यामागे काय काय घडून गेलेलं असतं, ते शोधण्यात मला गेम खेळण्याइतकीच मजा येते.

अलीकडे हे वाक्य फार वेळा वाचायला मिळतं. दहा-वीस-तीस वर्षं चाललेल्या मालिका, नवा भाग आला की दणक्यात खपणार अशी ज्यांची ख्याती, त्यांचे आकडे घसरतात आणि लगेच निदान तयार असतं: खेळाडू कंटाळले. फ्रँचायझी फटीग. बोलायला सोपं, ऐकायला पटणारं, आणि कोणाच्याच अंगावर न येणारं. कंटाळा खरा आहे, त्याबद्दल वाद नाही. कंटाळलेल्यांत मी पहिल्या रांगेत आहे. माझं म्हणणं एवढंच की कंटाळा आणतो एक भाग आणि तो खर्ची पडतो दुसऱ्याच भागाच्या नावावर.

साधा हिशेब आहे. नवा भाग विकत घेणाऱ्या माणसाने तो खेळलेला नसतो. त्याच्याजवळ दोनच गोष्टी असतात, मागच्या भागाची आठवण आणि नव्याचा ट्रेलर. ट्रेलरवर आता शेंबडं पोरही विश्वास ठेवत नाही. मग उरली आठवण. म्हणजे पहिल्या आठवड्याची विक्री बरीचशी मागच्या भागाने कमावलेली किंवा घालवलेली असते. पण निकालात ती नव्या भागापुढे मांडली जाते, आणि पुढचे सगळे निर्णय त्या आकड्यावरून होतात.

याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे असॅसिन्स क्रीड सिंडिकेट. असॅसिन्स क्रीड ही जुन्या काळातल्या शहरांत छपरांवरून फिरणाऱ्या मारेकऱ्यांची मालिका, आणि सिंडिकेट हा तिचा एक भाग. आवडतं म्हणजे, या गेमवर अन्याय झाला असं मी जमेल तिथे, कोणी विचारलं नसतानाही सांगत असतो.

आधी त्याच्या मागच्या भागाकडे बघू. नोव्हेंबर २०१४ मध्ये ही मालिका काढणाऱ्या युबिसॉफ्टने युनिटी आणला. त्याच दिवशी जुने कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायची गेमयंत्रं, वापरणाऱ्यांसाठी रोग (Rogue) नावाचा आणखी एक भाग. म्हणजे एका दिवसात एकाच मालिकेचे दोन गेम. युनिटीतलं पॅरिस आजही बघत राहावं असं आहे, फ्रेंच राज्यक्रांतीच्या गर्दीने रस्ते फुलून गेलेले, नोत्र दाम चर्च आतून-बाहेरून उभं केलेलं. पण गेम कच्चा होता. पात्रांच्या चेहऱ्यावरची कातडीच गायब, हवेत तरंगणारे डोळे आणि दात, असे स्क्रीनशॉट जगभर फिरले. शिवाय समीक्षा छापायला जी वेळ ठरवून दिली होती, ती गेम विक्रीला आल्यानंतर तब्बल बारा तासांनी. ज्यांनी पहिल्या सकाळी घेतला त्यांच्यापुढे एकही परीक्षण नव्हतं.

या बग्जबद्दल, म्हणजे गेममधल्या अशा बिघाडांबद्दल, पुष्कळ लिहिलं गेलं. मला जास्त बोलकं वाटतं ते पेट्यांचं प्रकरण. युनिटीत खजिन्याच्या पेट्या रंगीत होत्या. साध्या पेट्या सरळ उघडायच्या. काही पेट्यांना कुलूप फोडण्याचं कौशल्य लागायचं, तेही ठीक. निळी पेटी मात्र उघडायची तर फोनवर कंपनीचं वेगळं ॲप घ्यायचं आणि त्यात पुढे जायचं. सोनेरी पेटी उघडायची तर कंपनीच्या एका वेबसाइटवर खातं हवं. कल्पना करा, १७८९ नंतरचं पॅरिस, छपरावरून उडी मारून तुम्ही एका पोटमाळ्यावर उतरता, समोर पेटी, बटण दाबता, आणि गेम तुम्हाला सांगतो की आधी फोन काढा. नंतरच्या पॅचमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून आलेल्या दुरुस्तीत, या अटी काढून टाकल्या. कंपनीने माफी मागितली, डेड किंग्ज हा जोडभाग सर्वांना फुकट दिला, सीझन पास घेतलेल्यांना, म्हणजे जोडभागांचे पैसे आगाऊ भरलेल्यांना, वर एक अख्खा गेम दिला. पण तोवर लोकांच्या मनात जे बसायचं ते बसलं होतं.

आणि वर्षही पुरतं उलटायच्या आत, ऑक्टोबर २०१५ मध्ये, आला सिंडिकेट.

१८६८ चं लंडन. जेकब आणि ईव्ही फ्राय ही जुळी भावंडं. मल्टिप्लेअर (इतरांबरोबर खेळायचा भाग) काढून टाकलेला, ॲपची भानगड नाही, पेट्या गुमान उघडतात. मनगटावरून दोर फेकून एका इमारतीवरून दुसरीवर जायची सोय, त्यामुळे रुंद रस्त्यांच्या शहरात चढ-उतार करण्याचा जाच गेला. घोडागाड्या हाकायच्या, त्यांच्या टपावर उभं राहून मारामारी करायची. आणि या भावंडांच्या टोळीचा अड्डा म्हणजे एक धावती आगगाडी. ती लंडनभर फिरतच असते. काम संपवून परत जायचं तर गाडी नेमकी कुठे आहे ते बघायचं, एखाद्या पुलावर दबा धरून बसायचं आणि खालून ती गेली की टपावर उतरायचं. आत ईव्हीचे कागद पसरलेले, एकीकडे जेकबचा पसारा, खिडकीबाहेर धुरकट शहर सरकतंय. हे सगळं गेममध्ये कोणी समजावून सांगत नाही, पण दोघांचा स्वभाव त्या डब्यांत दिसतो. ईव्ही तर या मालिकेतल्या सर्वांत नीट लिहिलेल्या पात्रांपैकी एक आहे, आणि जाहिरातींत तिला मागे ठेवून जेकबला पुढे काढलं हा आणखी एक अन्याय, पण तो विषय काढला तर पोस्ट संपायची नाही.

थोडक्यात, ज्या तक्रारी होत्या त्यांतल्या बऱ्याच या भागाने मिटवल्या होत्या. आणि विक्री? पहिल्या आठवड्यात घसरली. इथे मात्र कंपनीने निकालाच्या वेळी प्रामाणिकपणे कबूल केलं की सुरुवातीच्या विक्रीवर युनिटीची छाया पडली. खुद्द विकणाराच सांगतोय की दोष मागच्या भागाचा. तरी पुढे काय झालं बघा. २०१६ साली मालिकेला सुट्टी, २०१७ मध्ये ओरिजिन्स, इजिप्तमधला, साचा बदललेला, लोकांनी डोक्यावर घेतलेला. ओरिजिन्स चांगलाच होता. पण त्यानंतर मालिकेचा इतिहास सांगताना सगळे एका सुरात सांगू लागले की 'सिंडिकेटपर्यंत मालिका दमली होती.' चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

आणि चोराचं पुढे काय झालं? एप्रिल २०१९ मध्ये नोत्र दामला आग लागली. युबिसॉफ्टने जीर्णोद्धारासाठी ५ लाख युरो दिले आणि युनिटी काही दिवस पीसीवर फुकट वाटला. तोपर्यंत तो दुरुस्त झालेला, नव्या यंत्रांवर सुरळीत पळणारा. लोकांनी डोळे भरून नोत्र दाम पाहिलं आणि स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर कौतुकाच्या परीक्षणांचा पाऊस पाडला. इतका, की स्टीमवाल्यांना हा काय प्रकार आहे याची दखल घ्यावी लागली. आज 'चढण्या-उतरण्याची मजा युनिटीसारखी नाही' असं म्हणणारे पावलोपावली भेटतात. त्यांचं खरंही आहे. सिंडिकेटसाठी मात्र कुठलं चर्च जळलं नाही.

कंटाळ्याबद्दलही जरा बोलू, कारण वरच्या हिशेबात तो नुसता आकडा होऊन बसतो. कंटाळा म्हणजे गेम वाईट असणं नव्हे. वाईट गेमचा राग येतो, कंटाळा येत नाही. कंटाळा येतो तो जेव्हा हाताला डोळ्यांच्या आधी सगळं ठाऊक असतं तेव्हा. उंच मनोरा दिसला की माझा अंगठा आपोआप पुढे रेटतो. वर पोचलो, बटण दाबलं, कॅमेरा गोल फिरला, खालचा नकाशा उघडला, त्यावर आयकॉनांचा सडा पडला, गवताच्या भाऱ्यात उडी. हे सगळं होत असताना मी मनात उद्याच्या कामाचा विचार करत असतो. पहिल्यांदा हाच मनोरा चढलो होतो तेव्हा वर गेल्यावर श्वास रोखून शहर बघत उभा राहिलो होतो. मनोरा तोच, उंचीही बहुधा जास्तच, चित्रं तर कितीतरी सुंदर. फक्त आता त्यात मला विचारण्यासारखं काही उरलेलं नाही.

माझी धाकटी बहीण स्वतः फारशी खेळत नाही, पण मी खेळताना बाजूला बसून काहीतरी वाचत असते आणि मधूनच मान वर करून बघते. अशा प्रेक्षकाचं निदान अचूक असतं. याच मालिकेतला व्हायकिंग लुटारूंचा भाग, व्हालहाला, खेळत होतो. शिंग फुंकलं, नाव काठाला लागली, माझी माणसं ओरडत मठात घुसली, दारं फोडली, पेटी उघडली. तिने मान वर केली.

"दादा, हा मठ आपण काल लुटला ना?"

"नाही गं, तो वेगळा. हा नदीच्या वरच्या अंगाला आहे."

"बरं," म्हणाली आणि पुन्हा पुस्तकात.

त्या 'बरं'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्हालहालाची नुसती मुख्य गोष्ट संपवायला साठ तासांच्या आसपास लागतात, इकडे-तिकडे रेंगाळलात तर त्याच्या दुप्पट. आणि हिशेबाच्या वहीत हा गेम मालिकेतला सर्वांत यशस्वी, १ अब्ज डॉलरहून जास्त महसूल. नोव्हेंबर २०२० मध्ये आला, लोक घरात अडकलेले, नवे कन्सोल नुकतेच आलेले. आकडा खराच आहे. पण त्या साठ तासांत किती जणांचं पोट भरलं आणि किती जणांना अजीर्ण झालं, हे महसुलाच्या ओळीत कुठे दिसणार? ते दिसतं पुढच्या भागांच्या वेळी, जेव्हा माणूस ट्रेलर बघतो, 'छान आहे' म्हणतो आणि विकत घेत नाही.

रेसिडेंट ईव्हिल या भीतीच्या गेम मालिकेची गोष्ट आकड्यांनी सांगण्यासारखी आहे, कारण ती काढणारी कॅपकॉम आकडे बऱ्यापैकी मोकळेपणाने देते. सहावा भाग ऑक्टोबर २०१२ मध्ये आला. मार्च २०१३ पर्यंत ७० लाख प्रती खपतील असा मूळ अंदाज. पहिल्याच झटक्यात ४५ लाख प्रती दुकानांकडे रवाना झाल्या आणि कंपनीने हा आपला विक्रम म्हणून मिरवला. आता हिशेबनिसाच्या नजरेने बघा: रवाना झालेली प्रत म्हणजे खेळाडूने घेतलेली प्रत नव्हे. ती दुकानदाराने घेतलेली, मालिकेच्या नावावर भरवसा ठेवून. अंदाज उतरत उतरत ५० लाखांवर आला आणि वर्षअखेरीस प्रत्यक्ष आकडा भरला ४९ लाख. म्हणजे पहिल्या दिवसांत ४५ आणि पुढच्या पाच-सहा महिन्यांत मिळून ४. सगळी पुण्याई चौथ्या आणि पाचव्या भागाची होती, ती पहिल्या फटक्यात वसूल झाली. त्यानंतर सहाव्याला स्वतःच्या पायावर उभं राहायची वेळ आली आणि चार-चार कॅम्पेन (म्हणजे खेळायच्या कथा), स्फोट, पाठलाग, भीतीचा मागमूस नाही, अशा त्या गेमचे पाय लटपटले.

सातवा आला जानेवारी २०१७ मध्ये. पात्राच्या डोळ्यांतून दिसणारं, लुइझियानातलं एक कुजकं घर, आत बेकर कुटुंब, हातात मोजक्या गोळ्या. जेवणाच्या टेबलावर तुम्हाला बांधून बसवलंय आणि यजमान तुमच्या ताटात जे वाढतोय ते बघून घशाशी येतं. तो प्रसंग खेळताना मी कन्ट्रोलर मांडीवर ठेवून दिला होता, कारण तिथे खेळाडूला करण्यासारखं काहीच नसतं, नुसतं बसायचं. बऱ्याच काळाने या मालिकेने मला हातांऐवजी पोटातून खेळायला लावलं. आणि याची सुरुवातीची रवानगी किती? २५ लाख. सहाव्याच्या जवळजवळ निम्मी. मार्चअखेरचा अंदाज ४० लाखांचा होता, भरले ३५.

त्या तिमाहीत कोणी म्हणालं असतं की 'बघा, भीतीला गिऱ्हाईक नाही, पुन्हा स्फोटांकडे वळा,' तर कागदावर ते खोडता आलं नसतं. कॅपकॉमने तसं केलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. सातवा विकत राहिले, किंमत हळूहळू उतरवत, वर्षानुवर्षं. तो एक कोटीच्या कितीतरी पुढे गेला. आणि सातव्याने कमावलेली पत २०१९ च्या दुसऱ्या भागाच्या नव्या आवृत्तीने आणि २०२१ च्या व्हिलेजने वापरली. पतही अशीच एक भाग उशिरा जमा होते. हे कळायला धीर लागतो, आणि तिमाही निकालांची रचनाच अशी आहे की धीर धरणाऱ्याचं नाव त्यात कुठे येत नाही.

ॲक्टिव्हिजनच्या कॉल ऑफ ड्यूटी या युद्धाच्या मालिकेचं प्रकरण याहून गुंतागुंतीचं, कारण तिथे एकामागून एक भाग दरवर्षी येतात आणि कोणाचं पाप कोणाच्या माथी हे सोडवणं म्हणजे एकत्र कुटुंबाच्या जमिनीचा वाद. २०१४ मध्ये ॲडव्हान्स्ड वॉरफेअरने सैनिकांच्या अंगावर उंच उड्या मारता येतील असे यांत्रिक सांगाडे चढवले. २०१५ मध्ये ब्लॅक ऑप्स ३ मध्येही भविष्यकाळ, भिंतीवरून धावणं. लोक कुरकुरले, पण घेतला, मनापासून खेळलाही. आणि २०१६ मध्ये इन्फिनिट वॉरफेअरचा ट्रेलर आला तेव्हा साचलेलं सगळं बाहेर पडलं. ३० लाखांहून जास्त डिसलाइक. त्या ट्रेलरमध्ये गुन्हा काय होता? आधीच्या दोघांचं पुढचं पाऊल, एवढाच. त्यातून कंपनीने २००७ च्या मॉडर्न वॉरफेअरची उजळलेली आवृत्ती सुरुवातीला सुटी विकलीच नाही. ती हवी तर इन्फिनिट वॉरफेअरची महाग आवृत्ती घ्या. म्हणजे विक्रीच्या आकड्यात असेही लोक मिसळले ज्यांना मुळात नऊ वर्षांपूर्वीचा गेम हवा होता.

इन्फिनिट वॉरफेअरचं कॅम्पेन मात्र एकदा खेळून बघा. आपल्या अंतराळजहाजावर फिरायचं, कुठल्या मोहिमेवर आधी जायचं ते आपण ठरवायचं, ईथन नावाचा यंत्रमानव जो सगळ्या माणसांहून जास्त माणूस वाटतो, आणि शेवटी मेलेल्यांची पत्रं. या मालिकेत इतकी मन लावून लिहिलेली गोष्ट माझ्या मते पुन्हा आली नाही. ॲक्टिव्हिजनने पुढच्या वर्षी सांगितलं की अंतराळ काही चाहत्यांना रुचलं नाही, आणि गाडी दुसऱ्या महायुद्धाकडे वळवली. २०१७ च्या त्या भागाने पहिल्या तीन दिवसांत ५० कोटी डॉलर केले, आणि प्रती आदल्या वर्षीच्या दुप्पट गेल्या. यावरून धडा घेतला गेला की लोकांना चिखल आणि खंदक हवेत. असेलही. पण मला त्या दुपटीत ते लोकही दिसतात ज्यांनी वर्षभर उपास केला होता. भूक लागलेल्या माणसाने भरपेट खाल्लं तर ते फक्त आचाऱ्याचं यश नसतं.

माझ्या या हिशेबात न बसणारी एक गोष्ट आहे, ती सांगितली नाही तर लबाडी होईल. गिटार हीरो, प्लॅस्टिकची गिटार धरून गाण्याच्या तालावर बटणं दाबायचा गेम. तिथे एका भागाने दुसऱ्याचा बळी दिला असं म्हणता येत नाही, तिथे पूरच आला. २००५ मध्ये सुरुवात, २००७ चा तिसरा भाग प्रचंड चालला, आणि मग २००९ या एका वर्षात मेटॅलिका, स्मॅश हिट्स, गिटार हीरो ५, बँड हीरो, व्हॅन हेलन, वर डीजे हीरो. माझ्याकडची प्लॅस्टिकची गिटार अजून कपाटावर आहे. तारेच्या जागी जी पट्टी खालीवर करायची असते तिचा टकटक आवाज गेलाय आणि हिरवं बटण दाबलं की दाबलेलंच राहतं. अशी एक गिटार घरात असली की दुसरी कोणी कशाला घेईल? फेब्रुवारी २०११ मध्ये ॲक्टिव्हिजनने गिटार हीरोचा विभागच बंद केला आणि त्या वर्षीचा भाग रद्द केला. सुरुवातीपासून तिथवर जेमतेम पाच-सव्वापाच वर्षं. इथे 'खेळाडू कंटाळले' हे वाक्य खरोखर लागू पडतं, फक्त त्यांना कंटाळवलं कोणी, हा प्रश्न उरतो.

दुसरी एक गंमत 'अपेक्षेपेक्षा कमी' मधल्या अपेक्षेची. अपेक्षा कोण ठरवतं? मार्च २०१३ मध्ये नवा टूम रेडर आला, पहिल्या महिन्याभरात ३४ लाख प्रती गेल्या, परीक्षणं उत्तम, आणि तो काढणाऱ्या स्क्वेअर एनिक्सने जाहीर केलं की लक्ष्य गाठता आलं नाही. ३४ लाख! वर्ष संपेपर्यंत तोच गेम नफ्यात आला. मधल्या काळात मात्र त्याच्या नायिकेबद्दल 'लारा क्रॉफ्ट आता चालत नाही' असं म्हणून मोकळे झालेले कमी नव्हते. खर्चच इतका करून ठेवायचा की चांगली विक्रीही हरल्यासारखी दिसावी, ही तिथली रीत. कॉल ऑफ ड्यूटीच्या एका भागाचा, ब्लॅक ऑप्स कोल्ड वॉरचा, एकूण खर्च ७० कोटी डॉलरहून जास्त असल्याचं न्यायालयात दाखल झालेल्या कागदांतून बाहेर आलं. एवढं ओतल्यावर कुठला आकडा पुरेसा वाटणार?

हल्ली तर प्रती मोजणंही मागे पडत चाललंय. निकालात 'विकलेल्या प्रती' जाऊन 'खेळाडू' आले की मी चष्मा पुसतो. असॅसिन्स क्रीड शॅडोज मार्च २०२५ मध्ये आला, सात दिवसांत ३० लाख खेळाडू, असं युबिसॉफ्टने सांगितलं. त्यात विकत घेणारे किती आणि महिन्याची वर्गणी भरून डोकावणारे किती, हे आपण ओळखून घ्यायचं. ईए या गेम कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये वर्षाचा अंदाज कमी केला तेव्हाही हेच माप होतं: ड्रॅगन एज द व्हेलगार्डचे १५ लाख खेळाडू, अपेक्षेच्या जवळजवळ निम्मे. त्याच वेळी त्यांचा फुटबॉलचा एफसी २५ सुद्धा मागे पडला होता. गंमत बघा, एक मालिका दहा वर्षांनी आलेली आणि दुसरी दरवर्षी येणारी, दोन्ही एकाच दिवशी घसरल्या. तेव्हा 'फार वेळा काढतात म्हणून' हे उत्तर इथे पुरत नाही आणि 'फार उशिरा काढला म्हणून' हेही पुरत नाही.

त्यातून खेळाडूकडे वेळ आहे कुठे? स्टीमने २०२४ सालचा आढावा काढला, त्यात लोकांनी खेळलेल्या एकूण वेळापैकी त्या वर्षी आलेल्या गेम्सच्या वाट्याला १५ टक्के. बाकीचा सगळा वेळ जुन्यांना. म्हणजे नव्या भागाची स्पर्धा बहुतेकदा आपल्याच जुन्या भागाशी असते, आणि जुना भाग पॅच होऊन गुळगुळीत झालेला, स्वस्त, आणि तुमचे दोस्त तिथे आधीच बसलेले. मारिओ कार्ट ८ मूळ २०१४ चा. २०१७ मध्ये निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलवर नवी आवृत्ती आली आणि त्यावरच कंपनीने ६ कोटींच्या वर प्रती विकल्या, मालिकेचा पुढचा मुख्य भाग न काढता. न काढणं हाही एक निर्णय असतो, पण त्याला जाहिरात करावी लागत नाही म्हणून बहुधा कोणाला तो सुचत नाही.

ॲक्टिव्हिजनला डिसेंबर २०२५ मध्ये सुचला, अर्धामुर्धा. कॉल ऑफ ड्यूटीत २०२२ आणि २०२३ मध्ये लागोपाठ मॉडर्न वॉरफेअर, २०२४ आणि २०२५ मध्ये लागोपाठ ब्लॅक ऑप्स, आणि शेवटच्या ब्लॅक ऑप्स ७ ला जो प्रतिसाद मिळाला तो बघून त्यांनी जाहीर केलं की यापुढे या दोहोंपैकी एकाच मालिकेचे भाग पाठोपाठच्या वर्षी काढणार नाही. ब्लॅक ऑप्स ७ चं कॅम्पेन चौघांनी मिळून खेळायच्या बेताने बांधलेलं, कायम इंटरनेट लागणारं, आणि एकट्याने खेळत असलात तरी त्यात पॉझ नाही. दारावरची बेल वाजली तर मरा किंवा बेल वाजू द्या. युनिटीतल्या सोनेरी पेटीच्या कुळातलीच ही अक्कल.

या सगळ्यावरून पुढचं भाकीत करायचं तर अवघड नाही. पुढचा कॉल ऑफ ड्यूटी कोणीही बनवो, कितीही जीव ओतून बनवो, कॅम्पेनला पॉझ देवो की भिंतीवरून धावणं काढून टाको, पहिल्या महिन्यात तो मागच्याची थकबाकी भरणार. निकालात त्याच्या नावापुढे ते एका ओळीचं वाक्य येईल. मग कोणीतरी सांगेल की अमुक विषय लोकांना रुचला नाही, आणि त्याच्या पुढचा भाग भलतीकडेच वळेल. मी दोन तिमाह्या थांबेन, पॅच येऊ देईन, किंमत उतरू देईन, आणि घेईन. शिक्षा झालेले गेम निवडून घ्यायचे ही माझी जुनी पद्धत आहे. सिंडिकेट असाच मिळाला, इन्फिनिट वॉरफेअरही. बहिणीला आत्ताच सांगून ठेवलंय की पुढच्या हिवाळ्यात बघायला काहीतरी चांगलं असेल. ती म्हणाली, "मठ नसले म्हणजे झालं."